रिकाम्या चौकोनांची पोथी

लिहून ठेवणार हिरकणी गोविंदराव चुरी, राहणार आशागड, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, वय आधार कार्डाप्रमाणे ब्याऐंशी आणि माझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे पंच्याऐंशी, धंदा चिकूची वाडी. कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझे डोके ठिकाणावर आहे, कान शाबूत आहेत, गुडघे गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला आकडे येतात, अक्षरे येत नाहीत. म्हणून मी तोंडाने सांगते आहे आणि योगिता शुक्रा धोडी, राहणार उधवा, तालुका तलासरी, ही लिहिते आहे. एकेक कलम झाले की ती मोठ्याने वाचते आणि मी हो म्हटल्यावरच पुढे जाते. माझे बोलणे सुधारू नकोस असे तिला बजावले आहे. यात जे वाकडे दिसेल ते माझे.

माझ्यावर कोणाचा दबाव नाही. या वयात माझ्यावर दबाव टाकायला कोणी उरलेही नाही. डॉक्टर जानी यांनी मला तपासले आणि विचारले, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटले, "सुनिल चिंचणीहून रिकाम्या हाताने आला, म्हणजे गुरुवार. गुरुवारी माझ्या घरात मासळी शिजत नाही हे त्याला ठाऊक आहे." डॉक्टरांनी लिहून दिले की बाई शुद्धीवर आहे.

कलम एक. आशागडचे राहते घर माझी सून मयुरा हिला तिच्या हयातीपर्यंत, आणि तिच्यामागे तिच्या दोन मुलांना, म्हणजे माझा नातू जतीन आणि नात ऋचा यांना सारखे. मयुराने लग्नानंतर तिसऱ्या दिवशी माझ्या बोंबलाच्या कालवणात मला न विचारता पाणी वाढवले. ते मी तिला पस्तीस वर्षे ऐकवले. कालवण तेव्हा चांगलेच झाले होते, हेही आता लिहून ठेव. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करायची आहे.

कलम दोन. माझ्या हत्यारांबद्दल. कलम बांधायचा चाकू ऋचाला. तो चाकू ज्या दगडावर घासते तो दगड जतीनला. दोघांनी मिळून वापरले तरच ते उपयोगाचे, आणि मी ते मुद्दाम असेच वाटते आहे. चिकू उतरवायच्या दोन्ही बेडण्या, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठ्या, वाडीतच राहतील. बारा पायऱ्यांची शिडी कोणाला द्यावी हे ठरवता येत नाही, कारण ती माझा भाचा सुनिल याने एका दिवसाकरता नेली त्याला सात वर्षे झाली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे त्याने साक्ष न केलेली बरी, असे मी विचारायला गेले तेव्हा वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मी सुनिलला साक्षीदार केले आहे. (सुनिल इथे म्हणाला, "आत्या, शिडी आणून देतो ना." योगिता, तेही लिही. लिहिलेले तो विसरणार नाही.)

कलम तीन. मोरीतला निळा प्लास्टिकचा टब. तो कोणालाही देऊ नये आणि फेकूही नये. कारण कलम सहामध्ये सांगते. तिथपर्यंत पोचायला मला जरा वेळ लागेल.

कलम चार. पाटकरीबद्दल. कालव्याचे पाणी शेतांना वाटून देणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात. माझा मुलगा चिमण याने तेच नाव आपल्या कंप्युटर प्रोग्रामला दिले. वीज आली की मोटर सुरू करायची, झाडांच्या कोणत्या ओळीला किती पाणी ते बघायचे, टाकी भरली की थांबायचे, हे काम तो प्रोग्राम आणि मोटरजवळ बसवलेला एक डबा मिळून करतात. चिमणने तो विकला नाही. आशागडपासून उधव्यापर्यंत ज्याने मागितला त्याला दिला. कोणती आज्ञा दिली की डबा काय करतो, कोणती तार कुठे जायची, पुढच्या माणसाला प्रोग्राम बदलायचा तर हात कुठे घालायचा, हे सगळे त्याने मराठीत लिहून ठेवले. मुले त्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. मी पोथी म्हणते.

ही पोथी इंटरनेटवर ठेवायची तर जागा लागते. ती वेबसाईट चिमणने माझ्या नावावर घेतली. "बाय, मी विसरतो, तू विसरत नाहीस," म्हणाला. त्यामुळे तिचा ओटीपी माझ्या फोनवर येतो. मी अंगठा उठवणारी बाई, पण माझ्या फोनवर सहा आकडे आल्याशिवाय दोन शिकलेली माणसे आत जाऊ शकत नाहीत. याची मला मजा वाटायची. आता वाटत नाही.

चार वर्षांपूर्वी चिमण वाडीतच गेला, मोटरीजवळ. तेराव्यानंतर महिन्याभरात एका शेतकऱ्याचा डबा बंद पडला. जतीनने पेनड्राईव्हमधली पोथी आपल्या लॅपटॉपवर उघडली, आणि पानभर कंस, टिंबे, इंग्रजी अक्षरांचा चिवडा. मराठीचा एक शब्द नाही. चिमणने ती पोथी वीस वर्षांपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिली होती, आणि तो फॉन्ट त्याच्या जुन्या कंप्युटरातच होता. फाईल आली, पण अक्षरांचे तोंडवळे मागे राहिले. त्या दिवशी घरात पाच शिकलेली माणसे होती आणि पाचही माझ्या पंगतीला येऊन बसली. मी म्हटले, "बघा, मला सगळे कागद रोज असेच दिसतात."

ऋचाने महिनाभर खपून अक्षरे परत वाचती केली. पण चिमणने त्या फॉन्टमध्ये तारांसाठी स्वतःची चिन्हे घातली होती. करंटच्या तारेचे एक, बिनकरंटच्या तारेचे दुसरे, अशी बरीच. त्या चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन उरले. चौकोनात काय होते ते फक्त त्या जुन्या कंप्युटरला ठाऊक, आणि कंप्युटर घरात नव्हता.

मग पोथी नव्याने कोणत्या फाईलमध्ये ठेवायची यावर दोघांची जुंपली. जतीन पुण्यात नोकरीला आहे. तो म्हणाला, "आजी, पीडीएफ म्हणजे बरणीतलं लोणचं. झाकण लावलं की आतलं हलत नाही. पुण्यात उघड, तलासरीत उघड, पान तेच. फॉन्टसुद्धा आतच बांधलेला. आणि वाडीत नेट नसतं, माणसाच्या फोनमध्ये फाईल उतरवलेली असली पाहिजे."

ऋचा डहाणूच्या कॉलेजात हेच शिकवते. ती म्हणाली, "आणि बरणीत खडा राहिला तर? ती बरणी गावभर फिरते रे, परत बोलावता येते का? साध्या मजकुराची फाईल ठेव. मथळ्याला एक खूण, यादीला एक खूण, बस. जगातला कुठलाही कंप्युटर ती उघडतो, आणखी पन्नास वर्षांनीही उघडेल. कोणी काय बदललं तेही दिसतं."

"साधा मजकूर म्हणजे किराणाची यादी. बाबांचं काम किराणाच्या यादीत ठेवायचं?"

"बाबांचं काम बंद डब्यात ठेवूनच गेलं ना?"

"तूच घालवलंस. कंप्युटर तू काढून टाकलास, तुला ती खोली हवी होती."

"मी? तूच म्हणालास, पेनड्राईव्हमध्ये सगळं आलंय, आता तो खोका कशाला!"

हे वर्षश्राद्धाच्या पानावर झाले. भात तसाच राहिला. तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. दोघेही वेगवेगळे माझ्याकडे आले. मी जतीनला ओटीपी दिला, त्याने पीडीएफ चढवली. मी ऋचाला ओटीपी दिला, तिने वेबसाईटची पाने चढवली. दोघांनाही म्हटले, "हो बाळा, तुझेच बरोबर." एका पाटकरीच्या दोन पोथ्या झाल्या. मला वाटले, अक्षर कसे मांडायचे याचे ते भांडण आहे, माझ्यासारखीचे त्यात काय जाते?

कलम पाच. (हे कलम सुनिलच्या हातचे आहे. योगिताने पेन खाली ठेवले आणि म्हणाली, "आजी, हे मी नाय लिवणार." म्हणून अक्षर बदलले आहे.) पोस्टात माझ्या नावावर जे काही असेल ते सगळे शुक्रा धोडी, राहणार उधवा, याला. शुक्राने मिरचीच्या शेताला पाटकरी बसवला. चौकोनांच्या जागी काय असेल ते जतीन आणि ऋचा दोघांनीही आपापल्या अंदाजाने भरले होते. एका जुन्या प्रकारच्या डब्याबाबत तो अंदाज चुकला, आणि शुक्राचा डबा नेमका त्याच प्रकारचा. ऋचाला चूक आठवड्यात कळली, तिने पान सुधारले. जतीनलाही कळली, त्याने नवी पीडीएफ चढवली. पण जुनी पीडीएफ तोवर फोनाफोनांतून उधव्याला पोचली होती आणि तिच्यावर ती जुनी आहे असे कुठेच लिहिलेले नव्हते. शुक्राला वाचता येत नाही, माझ्यासारखेच. त्याच्या मुलीने त्याला वाचून दाखवले, तिसऱ्या तारेत करंट नाही. त्याने तिसऱ्या तारेला हात लावला.

जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटे मिटत नाहीत. मी भेटायला गेले तर माझ्यासाठी खाट टाकली आणि म्हणाला, "पुस्तकात लिवलं होतं ना आजी, म्हणून हात लावला." त्याने मला एक शिवी दिली असती तर माझी झोप अशी उडाली नसती.

वाचून दाखवणारी मुलगी म्हणजे ही योगिता. तलासरीच्या सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरते. मृत्युपत्र लिहायला मी तिलाच बोलावले तेव्हा ती म्हणाली, "मीच का, आजी?" मी सांगितले, "कारण तू आता प्रत्येक ओळ दोनदा वाचतेस." पोरी, इथे तुझ्यासमोर सांगते, वाचणाऱ्याचा दोष नाही. लिहिणाऱ्यांचा थोडा आहे. बाकीचा कुणाचा ते पुढच्या कलमात आहे, आणि ते तूच लिही.

कलम सहा. चिमणचा कंप्युटर जतीनने घालवला नाही. ऋचाने घालवला नाही. मी घालवला.

तेराव्यानंतर आठवड्याने भंगारवाल्याचा टेम्पो आला. मयुरा माहेरी बोर्डीला गेली होती, मुले तहसील कचेरीत दाखल्यासाठी. तो खोका गोठ्याशेजारच्या खोलीत होता, पांढऱ्याचा पिवळा झालेला, मागच्या भोकांतून मुंग्या जात-येत होत्या. जो येई तो त्याच्याकडे बोट दाखवून म्हणे, यात चिमणभाऊचं सगळं आहे. मला ते ऐकवत नव्हते. माझे पोर असे भिंतीला लावून ठेवलेले मला बघवत नव्हते. जतीन म्हणाला होता ना की पेनड्राईव्हमध्ये सगळे आले? मी समजले, शहाळ्याचे पाणी काढून घेतल्यावर करवंटी उरते तसे हे. मोडकी मोटर, दोन छत्र्या आणि तो खोका मी देऊन टाकला. भंगारवाला म्हणाला, "आजी, काय पायजे?" मी निळ्या टबाकडे बोट केले.

त्या टबात मी चार वर्षे गोधड्या भिजवल्या.

वर्षश्राद्धाच्या पानावर दोघे एकमेकांवर ओरडत होते तेव्हा मी भाताचे भांडे हातात घेऊन मध्ये उभी होते. तोंड उघडायचे होते, उघडले नाही. वाटले, आज नको, रागात आहेत. दिवाळीला नको, सणाचे आहे. मग शुक्राचा हात गेला, आणि मग तर सांगायची हिंमतच संपली. बोलण्याबद्दल सगळा गाव मला नावे ठेवतो. या एका गोष्टीत मी मुकी राहिले. मुलांनी चौकोन अंदाजाने भरले म्हणून मी मनातून त्यांना दोष देत होते, पण त्यांच्यापुढे चौकोन ठेवला मीच.

योगिताने हे वाचून दाखवले. मी हो म्हटले.

कलम सात. आता पोथीचे. वेबसाईट माझ्या नावावर आहे म्हणून निर्णय मी देते, आणि तो मला जे येते त्यातून देते. चिकूची फांदी नुसती जमिनीत खोचली तर झाड होत नाही. रायणीचे रोप घ्यायचे, ते चिकूच्या फांदीला भिडवायचे, दोन्हींची साल चाकूने काढून घट्ट बांधायचे. रायण रानटी, फळ बारीक, दिसायला काही नाही, पण मूळ असे की दुष्काळ बघते आणि वारा बघते. वाडीतली बासष्ट झाडे अशी रायणीच्या खुंटावर उभी आहेत, त्यांतली चाळीस माझ्या हातची.

तर पोथीचा खुंट ऋचाचा. मूळ पोथी साध्या मजकुरात, एकच, आणि आजच्या सगळ्या कंप्युटरांना वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत. स्वतःची चिन्हे कोणी घालणार नाही, कितीही हुशार असला तरी. बदल करायचा तो मुळातच करायचा. त्यावरचे कलम दोघांचे. वेबसाईटची पाने त्याच मुळातून निघतील आणि जतीनची पीडीएफही त्याच मुळातून, त्याच दिवशी निघेल, कारण वाडीत नेट नसते हे जतीनचे म्हणणे खरे आहे. पीडीएफच्या प्रत्येक पानावर मोठ्या आकड्यांत तारीख. आकडे आम्हालाही वाचता येतात. आणि तारखेखाली लिहायचे की तारेला हात लावण्याआधी नवी प्रत मागून घ्या.

दुसरे. जिथे ठाऊक नाही तिथे चौकोन रिकामा ठेवायचा आणि शेजारी "माहीत नाही" असे लिहायचे. मला वाचता येत नाही हे मी जन्मभर चारचौघांत सांगत आले, माझे काही बिघडले नाही. शिकलेल्यांना मात्र माहीत नाही म्हणायला जड जाते. जड जाऊ दे. शुक्राचा हात जड झाला आहे.

तिसरे. नवी पोथी इंटरनेटवर चढवण्याआधी जतीन आणि ऋचा यांनी उधव्याला जाऊन शुक्राला ती मोठ्याने वाचून दाखवायची. एक पान भावाने, एक पान बहिणीने. दुसऱ्या कोणाला पाठवायचे नाही. शुक्रा जिथे "म्हणजे काय?" म्हणेल तिथे थांबून ते वाक्य नव्याने लिहायचे. तो "समजलं" म्हणाला की पोथी झाली. आधी मला वाटले होते की मलाच वाचून दाखवा म्हणावे. पण मी लाडाने हो म्हणते, ते माझे चुकते हे आता दिसले. शुक्रा लाडाने हो म्हणणार नाही.

कलम आठ. वाडी जतीन आणि ऋचा यांना समाईक. शुक्राचा "समजलं" हा शब्द मयुराने स्वतःच्या कानांनी ऐकेपर्यंत वाटणी होणार नाही, झाड विकले जाणार नाही, आणि ओटीपीचा फोन मयुराच्या कमरेला राहील. तिला मी आकडे न सांगायला शिकवले आहे.

कलम नऊ. हे मृत्युपत्र पाकिटात घालून, लाखेचे सील करून, मी गेल्यावर सर्वांसमक्ष उघडावे.

वरचे कलम वाचून दाखवताना योगिता मध्येच थांबली. म्हणाली, "आजी, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही जाईपर्यंत ती दोघं बोलणार नाय. तोवर तिसरा कोणी तारेला हात लावील. आणि पाकीट बंदच. मग ह्या पाकिटात न् त्या पेनड्राईव्हमध्ये फरक काय?"

डॉक्टर जानी खिडकीबाहेर बघू लागले. सुनिल म्हणाला, "आत्या, पोरगी बरोबर बोलतेय." मी त्याला म्हटले, "तू शिडीचं बघ."

मग मी योगिताला सांगितले, लाख बाजूला ठेव. मला भीती वाटते हेही लिही. ऋचा रडेल, तिचे मी बघीन. जतीन रडणार नाही, उठून जाईल, आणि त्याला अडवायला माझ्याकडे गुडघे नाहीत. कदाचित दोघे एकमेकांशी बोलू लागतील आणि माझ्याशी बोलणे सोडतील. तसे झाले तरी मला मंजूर आहे. मंजूर आहे म्हणते, सोपे आहे म्हणत नाही. जतीनला फोन मीच करीन, त्याचा नंबर मला पाठ आहे. निळा टब पालथा घालून ओट्यावर ठेवा, म्हणजे मला दाखवायला बरे. शुक्राला आणायला सुनिलने गाडी घेऊन जावे, आणि येताना शिडीही आणावी.

येणेप्रमाणे मृत्युपत्र मी राजीखुशीने सांगितले, कानांनी ऐकले आणि त्याखाली अंगठा उठवला.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा: हिरकणी गोविंदराव चुरी

साक्षीदार:
१. डॉक्टर जानी, डहाणू रोड (सही)
२. सुनिल, राहणार चिंचणी, भाचा (सही, कलम पाच माझ्या हातचे)

लिहिणार: योगिता शुक्रा धोडी, उधवा (सही). सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

ठिकाण: आशागड
दिनांक: १३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

खाडाखोड एक. कलम नऊमधील "पाकिटात घालून, लाखेचे सील करून, मी गेल्यावर" हे शब्द खोडून तेथे "येत्या रविवारी, मी समोर बसलेली असताना" असे लिहिले आहे. ही खाडाखोड माझ्या सांगण्यावरून. तिच्याखाली पुन्हा अंगठा.